नवरदेवाचं कुलूप

बस अंकलीच्या पुलावर चढली तेव्हा मी शेजारी बसलेल्या इनामदार काकांना विचारलं, "काका, कुलूप लागलंय का हो?"

माझ्या डोक्यावर फेटा होता, कपाळाला मुंडावळ्या होत्या आणि हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार होती. अशा माणसाने काही विचारलं तर सहसा उत्तर मिळतं.

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. कृष्णेचं पाणी बघितलं. पाण्यातल्या म्हशी बघितल्या. मग कडू काढा गिळावा तसं करून म्हणाले, "मा... माहीत नाही."

अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की आमच्या गल्लीत सगळेच वेडे होते. तसं नव्हतं. अधिकृत मी एकटाच होतो. माझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी होती, बाकीच्यांकडे नव्हती.

माझं नाव धैर्यशील खोत. नाव आजोबांनी ठेवलं. मला मोठं झालेलं त्यांनी बघितलं नाही, ते त्यांच्या दृष्टीने बरंच झालं. माझ्या आजाराला डॉक्टर ओसीडी म्हणतात, पुस्तकात मंत्रचळ म्हणतात, आणि जयसिंगपुरात म्हणत, "खोतांच्या पोराला कुलपाचं झालंय."

दाराला कुलूप लावायचं. ओढून बघायचं. गल्लीत थोडं पुढे जायचं, परत यायचं, ओढून बघायचं. मग आपण ओढताना चुकून उघडलं तर नाही ना, म्हणून परत. डोक्याला पक्कं माहीत असायचं की कुलूप लागलंय. हाताला माहीत नसायचं, आणि हात डोक्याचं ऐकत नसे. दाराचे कोयंडे निखळायचे. कारखान्याच्या ऑफिसात मला नोकरी होती, तिथे मी जेवणाच्या सुट्टीत पोचायचो. काही दिवस साहेबांना वाटलं, मी फक्त जेवायला येतो. मग त्यांनी ते जेवणही बंद केलं. एका दिवाळीला आम्ही मामाकडे निघालो आणि नाक्यापर्यंत जाऊन परत येता येता भाऊबीज झाली.

या सगळ्यात आई माझ्या मागे उभी राहून म्हणत असायची, "लागलंय रे राजा. लागलंय." बाबा लवकर गेले होते, त्यामुळे हे काम तिच्या एकटीकडे होतं. ती वैतागली नाही, हे वाईट. कारण पुढे पुढे मी कुलपाकडे कमी आणि तिच्या तोंडाकडे जास्त बघायला लागलो, आणि तिचा आवाज त्या एका शब्दावर पायरीसारखा झिजत गेला.

गल्लीचं म्हणणं वेगवेगळं होतं. समोर तात्या चव्हाणांचं हार्डवेअरचं दुकान. तात्यांच्या मते आजार मला नव्हताच, कुलपाला होता. "अरे, तुझं कुलूपच हलकं आहे. हे बघ, हे पितळी. हे लावलंस की शंकाच मिटली." पितळी लावलं. शंका पितळी झाली. शेजारच्या बेबीमावशींच्या मते माझ्यावरून नुसती मोहरी उतरायची बाकी होती, आणि ती त्या उतरतही होत्या. त्या धुरात मला कुलूप दिसायचं नाही, म्हणून मी आणखी एकदा बघायचो.

अशात मला स्थळ आलं.

आष्ट्याची मुलगी, रसिका थोरात, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. पोहे झाले, आणि आम्हाला 'मोकळेपणाने बोलायला' आतल्या खोलीत बसवून दोन्हीकडची माणसं दाराला कान लावून बसली.

मी म्हटलं, "मला एक सांगायचंय."

"दारू?"

"नाही."

"आधी कोण होती?"

"नाही. कुलूप."

तिने बशी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही.

"समजा, नाहीच लागलं कुलूप. मग?"

"चोर येईल."

"आल्यावर काय नेईल?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "फ्रिज आहे. खरं त्याचं दार नीट लागत नाही."

"मग ते पण तपासत बसता?"

"नाही. ते लागत नाही हे माहीतच आहे."

"म्हणजे जे उघडं आहे त्याची काळजी नाही, बंद आहे त्याचीच." ती हसू दाबत होती. "मजेशीर आहे."

"मजेशीर नाही."

"नाही, खरंच. चुकलं माझं." तिने बशी परत उचलली. "थोडं आहे."

"थोडं आहे," मी म्हणालो.

दाराबाहेर कुणीतरी सुटकेचा निःश्वास टाकला. बहुधा आईने.

"डॉक्टरांकडे जाता?" तिने विचारलं.

"अंगारा चालू आहे."

"अंगारा माझ्या दुकानात मिळत नाही. सांगलीत डॉक्टर शिराळकर मॅडम आहेत, त्यांच्याकडे जा. आणि तोंड एवढंसं करू नका. असल्या गोळ्या नेणारी माणसं मी रोज बघते. तुम्हाला वाटतंय तेवढे तुम्ही काही खास नाही."

इतकं धीर देणारं माझ्याशी त्याआधी कुणी बोललं नव्हतं.

मी सांगलीला जायला लागलो. गोळ्या सुरू झाल्या, तिथे बसून बोलणं सुरू झालं, पण साखरपुडा त्याच्याही आधी येऊन उभा राहिला. मुहूर्त सकाळचा होता. मी आष्ट्यात पोचलो तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवत होते. रसिकाने त्यातल्या दोन परत मागून घेतल्या आणि आमचा साखरपुडा त्यांच्यावर झाला.

तिचे वडील, सुभेदार थोरात, सैन्यातून निवृत्त झालेले. घरात जेवायला बसायचं तरी शिट्टी वाजवायचीच काय ती बाकी ठेवत. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पोरगी म्हणती, आजार आहे. आजाराला माझी ना नाही. माणूस आजारी पडतंय. खरं एक सांगतो. लग्नाच्या मुहूर्ताला तुमची बस दारात नसली, तर मी पोरगीला उचलून घरी नेणार. मग आजार असू दे, नाहीतर आभाळ पडलेलं असू दे. समजलं?"

"समजलं."

"मोठ्यानं."

"समजलं!"

हे मी शिराळकर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या."

आमच्या गल्लीत 'घरचे' कुठे संपतात हे कधी ठरलेलं नाही. पुढच्या वेळी एक वडापची जीप भरून माणसं सांगलीला गेली. मॅडमच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. तात्या वजनकाट्यावर बसले.

मॅडम म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी कुलूप धैर्यशील लावेल. एकदाच. ओढून बघणार नाही, परत येणार नाही. वाटेत तो तुम्हाला विचारणार, लागलंय का? तुम्ही 'लागलंय' म्हणालात की त्याला घटकाभर बरं वाटतं, मग ते विरतं, आणि पुन्हा विचारावंसं वाटतं. खाजवल्यावर खाज वाढते तसं. त्यामुळे तुम्ही एवढंच म्हणायचं: माहीत नाही."

तात्यांच्या खालचा काटा हलला.

अडचण इनामदार काकांची होती. काका वीजमंडळातून निवृत्त झालेले, आणि 'माहीत नाही' हे शब्द त्यांनी आयुष्यात वापरलेले नव्हते. वाटसरूने पत्ता विचारला तर ठाऊक नसलेल्या घराचाही पत्ता ते सांगत, खुणेच्या चिंचेसकट.

"मॅडम, आणि माहीत असलं तर?"

"तरी माहीत नाही म्हणायचं."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"तुम्ही कुलूप बघायलाच जायचं नाही. म्हणजे खोटं होणार नाही."

बेबीमावशी म्हणाल्या, "पोरगं तळमळत असताना 'माहीत नाही' म्हणू? माझी जीभ झडंल, बाई."

"नाही झडत."

"मनातल्या मनात 'लागलंय' म्हटलं तर चालंल?"

"मनात म्हणा."

मग तालीम झाली. मी एकेकाला विचारायचं. तात्यांनी दुसऱ्या खेपेला जमवलं. बेबीमावशींनी डोळ्यांना पदर लावून जमवलं. काका म्हणाले, "मा... मा... तसं बघायला गेलं तर," आणि खाली बसले. त्यांना पाणी दिलं.

शेवटी मॅडमनी आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "मला जमायचं नाही."

"आज नको," मॅडम म्हणाल्या. "अजून वेळ आहे."

त्यानंतरचे काही महिने मी कुलूप एकदा लावून चालायला शिकलो. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग नाक्यापर्यंत, मग भाजी मंडईपर्यंत. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्यांदा मंडईतून परतलो तेव्हा माझा शर्ट पिळण्यासारखा झाला होता आणि पिशवीत नुसती कोथिंबीर होती, कारण दुसरं काही आठवलंच नव्हतं. आईने त्या कोथिंबिरीच्या वड्या केल्या आणि गल्लीत वाटल्या. पेढे वाटतात तसे.

आणि आता लग्नाचा दिवस होता, मी कुलूप एकदाच लावलं होतं, आणि बस अंकलीचा पूल ओलांडून सांगलीकडे चालली होती.

काकांच्या 'माहीत नाही'ची टाळी विरली तशी मी मागच्या बाकावर तात्यांना विचारलं. माहीत नाही. बेबीमावशींना विचारलं. माहीत नाही, आणि ओठ हलत राहिले. मनात 'लागलंय, लागलंय' चाललं होतं. एकेक करत प्रश्न बसच्या शेपटापर्यंत गेला आणि तसाच्या तसा परत आला. सगळी माणसं परीक्षेला बसल्यासारखी समोर बघत होती.

आणि तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "लागलंय की वो!"

त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बस भाड्याची होती.

"मी बघितलंय न्हवं मघाशी! झकास लागलंय कुलूप. घोर करू नका, नवरदेव!"

"ए, गप!" अख्खी बस ओरडली. "तू काय बघितलंस? तू काही बघितलं नाहीस! पुढं बघ!" बेबीमावशींनी त्याला अक्षता फेकून मारल्या.

पण माझ्या कानात ते पडलं होतं. आणि खरं सांगतो, अगदी गार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. सगळा रस्ता, सगळं शिवार गोड झालं. मग मला वाटलं, याने नक्की कुठलं दार बघितलं?

"ड्रायव्हर, दार कसं होतं?"

"तेच की. निळं."

आमचं दार हिरवं आहे.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काका "निळं-हिरवं, पहाटे काय कळतंय" म्हणाले आणि जीभ चावली. मी उठून पुढे आईकडे गेलो. ती पहिल्या बाकावर मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती.

"आई, लागलंय का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ते उत्तर तिच्या तोंडात तयार असायचं. आताही होतं, मला दिसत होतं.

"माहीत नाही रे राजा," ती म्हणाली.

मला तिचा एवढा राग आला की बस सांगलीत सिग्नलला थांबली तसा मी दार उघडून खाली उतरलो.

भर चौकात, फेटा, मुंडावळ्या, कट्यार. एक रिक्षावाला माझ्याजवळ येऊन थांबला आणि कट्यार बघून पुढे गेला. जयसिंगपूरला जाणारी एसटी समोरच्या बाजूला उभी होती. बसमधून सगळे माझ्याकडे बघत होते, आणि कुणी खाली उतरत नव्हतं. तेही त्यांना मॅडमनीच सांगितलं असणार.

मी रसिकाला फोन लावला. मागे सनई वाजत होती.

"ड्रायव्हर म्हणतो, दार निळं होतं," मी म्हणालो. "आपलं दार हिरवं आहे ना?"

"मला काय माहीत? मी अजून त्या घरी यायचीय."

"रसिका, मी पटकन बघून येतो. पटकन."

 कुणीतरी तिला हळद पुसायला सांगत होतं, तिने त्यांना थांबवलं.

"भीती वाटतीय?"

"हो."

"दहापैकी किती?"

"आठ. साडेआठ."

"बरं. मग साडेआठ घेऊन ये."

"काय?"

"ती कमी झाल्यावर यायचं असं कुठं ठरलंय? आहे तेवढी घेऊन ये. हॉल मोठा आहे. बाबांनी जास्तीची माणसं धरूनच ताटं सांगितलीत."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हर माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडत होता. समोरची एसटी हलली, तिचा कंडक्टर दारात उभा राहून "जयसिंगपूर, जयसिंगपूर" ओरडत होता, आणि मला ते माझ्या घरातूनच कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटत होतं. माझे पाय त्या बाजूला वळलेले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. मग बसमध्ये चढलो.

आईशेजारी बसलो.  माझा फेटा वाकडा झाला होता, तो तिने सरळ केला. आष्टा येईपर्यंत मी साडेआठ मांडीवर घेऊन बसलो होतो. वाटेत कुठेतरी ते सात झालं असावं, पण मी मोजलं नाही.

आम्ही मुहूर्ताच्या बरेच आधी पोचलो. इतके आधी, की मुलीकडच्यांचं उप्पीट अजून कढईत होतं आणि बँडवाले दाढी करत होते. सुभेदार फाटकातच उभे होते, धापा टाकत, कोटावर धूळ. त्यांनी घड्याळ बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाले, "वेळेआधी येणं ही पण बेशिस्तच." एवढं बोलून पाठ फिरवली आणि रुमालाने नाक शिंकरलं.

लग्न लागलं. अंतरपाटाआड उभा असताना माझ्या लक्षात आलं की मॅडम कित्येक महिने मला सांगत होत्या, एवढा सावध राहू नकोस. आणि इथे गुरुजी अख्ख्या गावादेखत माईकवरून पुन्हा पुन्हा सांगत होते, सावधान. अंतरपाट खाली आला तेव्हा मी हसत होतो. रसिकाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, नंतर सांगतो.

दुपार कलली तशी आमची सजवलेली गाडी गल्लीत शिरली. बस आधीच पोचली होती. सगळी गल्ली आमच्या दारापुढे उभी होती आणि कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. आई तांदळाने शिगोशीग भरलेलं माप हातात धरून बाहेरच उभी. उंबऱ्यावर ठेवायचं, तर आधी दार उघडायला हवं होतं.

 चोरी, मला वाटलं.

मग गर्दी बाजूला झाली आणि मला दार दिसलं. लाकडी दारापुढे आमचं लोखंडी जाळीचं दार आहे. त्याला माझं कुलूप होतं, मी लावलेलं. त्याच्या डोक्यावर एक मोठं पितळी कुलूप. खाली दुकानाच्या शटरला लावतात तसलं. जाळीतून फिरवून आणलेली सायकलची साखळी. मधल्या दांडीला एक छोटं, खेळण्यातल्यासारखं. आणि सगळ्यांत वर, एकटं, एक जाडजूड काळं. दार कुठलं, कुलपं कुठली, ते सांगणं कठीण होतं.

"हे काय?" मी विचारलं.

इनामदार काका पुढे आले. "त्याचं काय झालं धैर्या, बस सुटताना मी चष्मा विसरलो म्हणून उतरलो होतो ना."

"चष्मा तुमच्या डोळ्यांवर होता."

"हां. ते कुणी बघितलं नाही." त्यांनी खिशातून पितळी कुलपाची किल्ली काढली.

"मी आपलं एक नमुन्यादाखल लावलं," तात्या म्हणाले.

"मी कुलूप लावलंच नाही," बेबीमावशी म्हणाल्या. "साखळी लावली. आता साखळीला कुलूप येतंच, त्याला मी काय करू?"

"पण मॅडमनी सांगितलं होतं..."

"ते पाळलं की!" काका उसळले. "तुझ्या कुलपाला कुणी हात लावला नाही. बघितलं पण नाही. मी तर डोळे मिटून लावलं. बघायचं नाही असं ठरलं होतं, आपलं लावायचं नाही असं कुठं ठरलं होतं?"

मी आईकडे वळलो. तिने माप कडेवर घेतलं आणि कमरेच्या पिशवीतून एक एवढीशी किल्ली काढली.

"देवाच्या कपाटाचं आहे," ती म्हणाली. "लहान आहे."

"आई, तू बसमध्ये म्हणालीस, माहीत नाही."

"तुझं लागलंय का ते नव्हतंच माहीत. माझं लागलंय एवढं माहीत होतं. त्याच्या जोरावर तर बोलता आलं मला."

सगळ्यांनी आपापली कुलपं काढली. काळं राहिलं. ते कुणाचंच नव्हतं. एकमेकांवर संशय घेऊन झाला. मग शेल्याची गाठ मला बांधलेली असल्यामुळे मला ओढतच रसिका पुढे आली, वाकून बघितलं आणि सरळ झाली.

"हे बाबांच्या ट्रंकेचं आहे."

तिने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"होय, मीच," सुभेदार म्हणाले. "कोपऱ्यावरच्या टपरीत चहा घेत बसलो होतो. बस हलली, पाच मिनिटं शांत बघितलं, आणि लावलं."

"कशासाठी, बाबा?"

"बंदोबस्त." थोडं खाकरणं ऐकू आलं. "जावईबापू आहेत का तिथं?"

"आहे," मी म्हणालो.

"सांगलीत तुम्ही चौकात उभे होता. मी मागंच होतो, मोटरसायकलवर. म्हटलं, आता हे फिरतंय माघारी."

"मी फिरलो असतो तर तुम्ही रसिकाला घरी नेणार होता."

"ते बोलायचं असतं," सुभेदार म्हणाले. "फिरला असता तर मोटरसायकलवर मागं घातला असता आणि मांडवात आणला असता. दोरी घेतलेली मी. खरं तुम्ही बसमध्ये चढलात. मी बघितलं ते." पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. "किल्ली माझ्या खिशात आहे. निघालो. कुलूप फोडायचं नाही, पलटणीतलं आहे."

हातोडा घेऊन आलेले तात्या हातोडा घेऊन परत गेले.

आता वाट बघण्याशिवाय काही उरलं नाही. रसिका आणि मी पायरीवर बसलो. बेबीमावशींनी घरून चहा आणला, आणि कप माझ्या हातात देता देता त्या थबकल्या.

"धैर्या, सकाळी निघताना तू चहा केलतास न्हवं? गॅस बंद केलेला का रे?"

सगळी गल्ली माझ्याकडे वळली.

मी आठवून बघितलं. चहा आठवला, कप आठवला. पुढचं आठवेना.

"माहीत नाही," मी म्हणालो. सूड वगैरे नव्हता. खरंच माहीत नव्हतं.

पुढचा तासभर मी जे बघितलं ते मॅडमना दाखवायला हवं होतं. काकांनी जाळीला नाक लावलं. वास येत नव्हता. मग त्यांना वाटलं, आपलं नाकच चोंदलं असेल, म्हणून त्यांनी तात्यांना वास घ्यायला लावला. तात्यांना येत नव्हता, तर काकांनी तात्यांना एक कांदा हुंगायला दिला, नाक चालतंय का बघायला. बेबीमावशी मागच्या खिडकीपर्यंत जाऊन आल्या, परत गेल्या, परत आल्या. आईच्या हातातलं माप हळूहळू सांडत होतं. मोहरी उतरवू का, असं कुणीतरी विचारलं.

मी दाराकडे पाठ करून चहा पीत होतो.

"किती?" रसिकाने हळूच विचारलं.

"तीन. साडेतीन."

"माझे सहा झालेत," ती म्हणाली. मी तिला माझ्या चहातला अर्धा दिला.

सुभेदार आले, कुलूप निघालं. आईने उरलेल्या तांदळांचं माप उंबऱ्यावर ठेवलं. रसिकाने ते पायाने लवंडलं, शेला माझ्या खांद्यावरून सोडवून माझ्या हातात दिला आणि कुणी काही बोलायच्या आत सरळ स्वयंपाकघरात गेली. गल्ली उंबऱ्याशी माना लांब करून उभी राहिली. ती बाहेर आली.

"बंद होता का?" काकांनी विचारलं.

तिने काकांकडे बघितलं, तात्यांकडे, मावशींकडे, आपल्या वडिलांकडे, आईकडे. मग माझ्याकडे. मी विचारलं नव्हतं.

"चला, सगळ्यांना सरबत करते," ती म्हणाली.

लग्नाला आता बरीच वर्षं झाली. मी गोळ्या घेतो, अधूनमधून सांगलीला जातो, बरे दिवस जास्त असतात, वाईटही असतात. त्या दिवशीच्या गॅसचं रसिकाने अजून कुणाला सांगितलेलं नाही. तात्यांनी विचारणं सोडलं, बेबीमावशींनी नवस बोलून बघितला. इनामदार काका शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं, सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि म्हणाले, "पोरी, आता तरी."

तिने त्यांचा हात हातात घेतला, उशी सारखी केली, बराच वेळ त्यांच्याजवळ बसून राहिली. आणि सांगितलं नाही.